आज तापाचा कितवा दिवस?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत फ्लूवरच्या नैसर्गिक उपायांचं अख्खं पान आलं होतं. सोमवारी सकाळी माझ्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक गृहस्थ ते पान चौघडी करून शर्टाच्या खिशात घालून हजर. ज्येष्ठमध, सुंठपूड आणि निलगिरीच्या तेलाची बाटली अशी यादी. मी विचारलं, "आज तापाचा कितवा दिवस?" त्यांनी पान उलगडलं, वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाले, "यात तसं काही दिलेलं नाही."

खरंच दिलेलं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी ते पान दोनदा वाचलं. तेरा उपाय होते, चमच्यांचं माप होतं, किती वेळ उकळायचं तेही होतं. दिवस कुठेच नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण दिवसांचा भाग तेवढा ठेवा.

आमचं औषधांचं दुकान ठाणे पूर्वेला, कोपरीत. सासऱ्यांनी काढलेलं. मी डी.फार्म. करून लग्न होऊन इथे आले आणि काउंटरमागे उभी राहिले, त्याला ३१ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण ताप आलेला माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी बहुतेक वेळा मेडिकलवर येतो, आणि मेडिकलवर यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने दिलेलं काहीतरी पिऊन आलेला असतो. आमच्या घरात ते म्हातारं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांच्या काढ्याचा वास जिन्यातून खाली दुकानापर्यंत येतो. त्यामुळे काढा पिणाऱ्यांना हसणाऱ्यांतली मी नाही, आणि काढ्याने सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांतलीही नाही.

आधी रोगाबद्दल थोडं, कारण निम्मा घोळ नावातच आहे. आमच्याकडे नाक गळणारा प्रत्येक जण "फ्लू झालाय" म्हणतो. साधं पडसं हळूहळू चढतं. आज घसा खवखवतो, उद्या शिंका, परवा डोकं जड. इन्फ्लुएंझाचं तसं नसतं. त्यात माणसाला वेळ आठवते. दुपारी जेवलो तेव्हा बरा होतो आणि चहाच्या वेळेला अंथरुणात होतो, असं लोक सांगतात. अंग ठणकतं, हाडं मोडल्यासारखी होतात, थंडी वाजते, कोरडा खोकला सुरू होतो. लागण झाल्यापासून १ ते ४ दिवसांत ताप येतो, आणि अंगात ताप दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देत असतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये छातीला छाती लावून उभ्या असलेल्यांपैकी कोण उद्या आजारी पडणार, हे ओळखायचं कसं? मुखपट्टीला आता पुन्हा लाजायला लागलेत लोक, तो विषय वेगळा.

१९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. सासूबाईंच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, रेल्वेने देशभर गेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेत तिने खरा हात दाखवला. हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसं गेली. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की हे एका जिवाणूचं काम आहे. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली. म्हणजे मानमोडीत ज्यांनी रोगी सांभाळले त्यांना शत्रू कोण तेच ठाऊक नव्हतं.

सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. त्यांच्या आजीने ती साथ पाहिलेली. आजी सांगायची ते असं: आजारी माणूस मागच्या पडवीत वेगळा, त्याचं भांडं वेगळं, दोन-दोन तासांनी मीठ घातलेली पेज, आणि ताप असलेल्या प्रत्येक दिवसाची चुलीतल्या कोळशाने भिंतीवर एक रेघ. कोणाच्या किती रेघा झाल्या यावर घरात कुजबुज चाले. टायफॉइडला आपण मुदतीचा ताप म्हणतो, ते उगाच नाही. तापाला मुदत असते, आणि ती ओलांडली की घाबरायचं असतं, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

आता आजीबाईच्या बटव्यातल्या वस्तूंकडे येते, कारण दिवसांसारखंच यांच्याबद्दलही आपल्या पानात बरंच राहून गेलं होतं.

अडुळसा घ्या. पानात "खोकल्यावर रामबाण" एवढंच होतं. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच घराण्यातलं अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करायच्या ज्या बाटल्या मी रोज विकते त्यांतल्या कितीतरींचं मूळ या झुडपात आहे. तेव्हा अडुळशाला मान द्यायलाच हवा. पण हेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं. गरोदर बाईने अडुळशाचा रस घेऊ नये, ही एक ओळ छापायला किती जागा लागली असती?

ज्येष्ठमध घशाला फार गोड वाटतो. पण रोज काढ्यात घातला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. सोमवारच्या त्या गृहस्थांना मी विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे का?" चालू होती, आणि दर महिन्याला माझ्याच दुकानातून जात होती. तरी म्हणाले, "झाडाचंच आहे ना, मॅडम?" अफूही झाडाचीच असते, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. पाकीट मात्र दिलं, कारण ते हट्टाला पेटले होते. वर "दोन दिवसांपेक्षा जास्त नको" एवढं बजावलं.

गुळवेलीचंही तेच. कोविडच्या वर्षात लोकांनी गुळवेलीच्या काड्या आणि गोळ्या महिनोन् महिने घेतल्या. यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली की ती वनस्पती दुसरीच असू शकते, दिसायला सारखी. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझ्या काउंटरला एवढंच कळतं की बाजारातून आणलेली वेल कोणती आहे हे ना मला ओळखता येत, ना घेणाऱ्याला.

आणि चक्रीफूल! हा किस्सा सांगितल्याशिवाय पत्र पुढे जाणार नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला, आणि दहीहंडीच्या सुमाराला आमच्याकडे मुखपट्ट्यांचा दुष्काळ पडला. टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, तेव्हा आमच्यासारख्या दुकानांत मिळत नव्हतं. कुणीतरी बातमी आणली की ही गोळी चक्रीफुलापासून बनते. बातमी खोटी नव्हती. चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल काढतात आणि त्यावर बऱ्याच रासायनिक क्रिया करून ते औषध तयार होतं. पण लोकांनी मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या. आठवडाभर कोपरीत ज्याच्या-त्याच्या काढ्यात चक्रीफूल. जांभळी नाक्यावरच्या मसालेवाल्याने भाव वाढवला, असं सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या. त्याही पावशेर घेऊनच आल्या होत्या. नुसतं चक्रीफूल उकळून टॅमिफ्लू होत नाही, जसा कापूस उकळून सदरा होत नाही. त्या वर्षी आमच्या घरचा गोडा मसाला मात्र फार खमंग झाला.

वाफेबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. वाफेने चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतली एक आई सहा वर्षांच्या मुलाच्या मांड्यांवर ओला टॉवेल टाकून धावत आली. पातेलं पलंगावर ठेवलं होतं, मुलाने पाय हलवला. तिला भाजल्यावर लावायचं मलम हवं होतं. मी मलम दिलं नाही, आत बेसिनचा नळ सोडून वीस मिनिटं त्याला तिथे उभं केलं आणि मग रिक्षाने रुग्णालयात पाठवलं. त्या मुलाला आदल्या दिवशी साधी सर्दी झाली होती. मुलांना पातेल्याची वाफ देऊ नका. कापराच्या पुरचुंड्या त्यांच्या गळ्यात बांधू नका. वडी तोंडात गेली तर मुलाला झटके येतात. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर तेही विषच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी. त्याने बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो.

मग उरलं काय, असं विचाराल. बरंच उरलं. वर्षापुढच्या मुलाला आणि मोठ्यांना रात्रीच्या खोकल्यावर मध-आलं खरोखर आराम देतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घसा हलका होतो. गवती चहा, तुळस, सुंठ, दोन मिरी घातलेलं गरम पाणी पोटात जातं तेव्हा मुख्य काम पाणीच करत असतं, आणि तापात पाणी जाणं मोठी गोष्ट आहे. मऊ भात, मेतकूट, तूप. चेंदणी कोळीवाड्यातली एक आजी मासे विकून परत जाताना माझ्याकडे थांबते. तिच्या घरी कुणी आजारी पडलं की, "चिंबोऱ्यांचा रस्सा पाजलाय, आता ताप उतरायची गोली दे गो बाय." मी दोन्हीला हो म्हणते. गरम, तिखट, खारट रश्शाने नाक वाहतं आणि तोंडाला चव येते. सासूबाईंना हे ऐकवलं तर त्या कानावर हात ठेवतात.

गोळीचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल की स्वतःच्या मालाबद्दल गप्प बसली. सर्दी-तापाच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल असतंच. एक गिऱ्हाईक ५०० मिलिग्रॅमवाली मिश्र गोळी दिवसातून तीनदा घेत होतं आणि वर ६५० ची ताप उतरवायची गोळी चार वेळा. बेरीज करा: ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० ची, आणि हे गृहस्थ रोज संध्याकाळी 'बसणारे'. लहान मुलांना ॲस्पिरिन तर फ्लूत अजिबात नको. आणि चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं सर्दीचं मिश्र औषध देऊ नये, असं २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी बाटलीवर छापायला सांगितलंय. तरी "मागच्या वेळचंच द्या" म्हणणाऱ्या आया येतातच.

आता माझ्या स्वतःच्या घरातलं. हे लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

२०२२ च्या पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात स्वाइन फ्लूचे, म्हणजे एच१एन१ इन्फ्लुएंझाचे रुग्ण पुन्हा वाढले होते. यजमान तेव्हा ६१ वर्षांचे, मधुमेहाला बारा वर्षं झालेली. एका संध्याकाळी दुकानातून वर आले ते थरथरतच. मी काय केलं? जे गिऱ्हाइकाला करू नका म्हणून सांगते ते सगळं. मिश्र गोळी सुरू केली. घसा दुखतोय म्हणाले म्हणून कपाटातून तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन काढून दिलं, चिठ्ठीशिवाय. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. थर्मामीटर लावायची, पण दुकानातून वर येईन तेव्हा, म्हणजे गोळी देऊन तासाभराने. प्रत्येक वेळी ९९. मी समाधानी. दुकानात त्या आठवड्यात गर्दी मरणाची होती आणि हे अंथरुणात आहेत म्हटल्यावर काउंटरला मी एकटीच.

सासूबाई त्यांच्या उशाशी बसून असायच्या. काढा देत होत्या, पेज देत होत्या, कपाळाला सुंठेचा लेप लावत होत्या. मला दोनदा म्हणाल्या, "गोळीचा असर संपला की अंग परत तापतं गं." मी म्हटलं, "फ्लू आहे, चालायचंच." मग एका सकाळी शटर उघडायला निघाले तर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आज पाचवा."

"काय पाचवा?"

"तापाचा. आणि रात्रीपासून याला बोलताना दम लागतोय."

मी ड्रॉवरमधून कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर काढला. सेल फुगून गळले होते. ऑक्सिमीटर विकणाऱ्या बाईच्या घरातली ही कथा. खाली जाऊन दुकानातून नवा आणला. ९१.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: ताप नेमका कधी आला, कोणत्या दिवशी, किती वाजता? आणि मला सांगता येईना. सोमवार की मंगळवार? गर्दीत दिवस एकमेकांत मिसळले होते. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून सांगितलं: मंगळवार, दिवाबत्तीच्या वेळी. त्या चौकोनात पेन्सिलीने एक उभी रेघ होती आणि पुढच्या प्रत्येक दिवशी एकेक. शनिवारपर्यंत पाच. कोळशाच्या जागी पेन्सिल, एवढाच फरक.

एच१एन१ निघाला, सोबत न्यूमोनिया. ओसेल्टामिविर सुरू केलं, पण त्याचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत. ते ४८ तास मी मिश्र गोळ्यांवर घालवले होते. नऊ दिवस रुग्णालय, त्यातले सहा ऑक्सिजनवर. बरे झाले. पुढचे दोन महिने दुकानाच्या पायऱ्या चढताना धापा टाकायचे.

तेव्हापासून माझ्या दुकानातून ताप-सर्दीचं काहीही गेलं की पाकिटावर लाल पेनाने ताप आल्याची तारीख लिहिली जाते. लोक वैतागतात. "मॅम, ऑफिसला पोचायचंय, काहीतरी स्ट्राँग द्या ना," असं म्हणणारी मुलं तर फारच. त्यांना दोन ओळींत सांगते, ते इथे जरा सविस्तर लिहिते.

ताप आल्याची वेळ लिहून ठेवा आणि थर्मामीटर गोळीच्या आधी लावा, नंतर नाही. घरात ६५ च्या पुढचं माणूस असेल, गरोदर बाई असेल, पाच वर्षांखालचं मूल असेल, कुणाला मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर त्यांच्यासाठी पहिला-दुसरा दिवस हाच डॉक्टरकडे जायचा दिवस. विषाणूवरचं औषध द्यायचं की नाही हे तेव्हाच ठरतं. २०१७ पासून ओसेल्टामिविरची ती गोळी आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रजिस्टरला नोंद करून देऊ शकतो. बाकी धडधाकट माणसाने काढा, पेज, पॅरासिटामॉल यांवर घरी पडून राहावं, हरकत नाही. शासनाच्या फ्लू-रुग्णांच्या वर्गवारीतही सौम्य आजाराला तपासणी आणि टॅमिफ्लूची गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरणीला लागला पाहिजे. नाही लागला, किंवा एक-दोन दिवस बरं वाटून पुन्हा चढला, तर काढ्याचं पातेलं खाली उतरवा. उतरून परत येणारा ताप फार फसवा. मागून जिवाणूंचा न्यूमोनिया आलेला असू शकतो. खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळतो, त्याने घाबरू नका. आणि दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, मुलाने खाणंपिणं सोडणं, यांतलं काही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, निघा.

ठाण्यात पावसाळ्यात आणखी एक गोम आहे. जुलै ते सप्टेंबर फ्लूचा हंगाम, आणि तोच मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा). पहिल्या दोन दिवसांत हे सगळे ताप एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात. नाक गळत नाही, खोकला नाही आणि नुसता ताप आहे, तर तो फ्लू म्हणून घरी दाबू नका. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर ते डॉक्टरांना सांगा. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात, आणि रक्ताची कोणती तपासणी करायची हेही तापाच्या दिवसावर ठरतं. पहिल्या दिवसांत एनएस१, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची, नंतर प्रतिपिंडांची. दिवस चुकला तर तपासणी खोटा धीर देते.

आपल्या पानात विश्रांतीला एक ओळ होती: "भरपूर विश्रांती घ्यावी." आमच्या इमारतीत तीन घरी भांडी-लादी करणाऱ्या बाई आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये त्या १०२ तापात कामाला आल्या. मी रागावले तर म्हणाल्या, "ताई, एक दिवस झोपले तर दोन घरं पगार कापतात, तिसऱ्या घरी दुसरी बाई लागते." सगळ्या नैसर्गिक उपायांत सगळ्यात गुणकारी उपाय हाच, पडून राहणं, आणि तो सगळ्यात महाग. त्या तिन्ही घरांत नंतर आठवड्याभरात ताप आला. मी फिरून तिन्ही घरी बोलले. एका घराने पगार कापणं बंद केलं, एका घराने माझ्याशी बोलणं. घरात आजारी माणसाची खोली वेगळी करा, खिडकी उघडी ठेवा, असं मीही सांगते. पण मीठबंदर रोडच्या एका खोलीतल्या सहा जणांना ते कुठल्या तोंडाने सांगू? तिथे मुखपट्टी, वेगळा पेला आणि साबण एवढंच म्हणते.

लशीबद्दल थोडक्यात. हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. आपल्याकडे ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेणं सोयीचं. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. बहुधा सौम्य होतो, रुग्णालय टळायची शक्यता वाढते. घ्यावी की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्या घरी तिघेही घेतो. सासूबाई लस घेऊन आल्यावर वर काढाही पितात, "दोघांची भांडणं नाहीत" म्हणून.

संपादक महोदय, पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा तळाशी सात रिकामे चौकोन छापा. बाकी काही नको. लोक पान कापून फ्रिजवर लावतात, मी पाहिलंय. रेघ मारायला जागा असली तर मारतील.

माझं नाव छापू नये ही विनंती. चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन काढल्याची कबुली वर दिली आहे.

आपली,
एक फार्मसिस्ट,
कोपरी, ठाणे (पूर्व)

ता. क. पत्र टाकायला निघाले होते तर सोमवारचे ते गृहस्थ पुन्हा आले. आज गुरुवार. त्यांचा ताप काल उतरला, आता बायकोला आलाय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काल रात्री, साडेनवाला, जेवणं झाल्यावर." ज्येष्ठमधाचं पाकीट परत करायला आणलं होतं. फोडलेलं पाकीट मी परत घेत नाही.